संगमरवरात मुरलेलं

मराठीत चरबी हा शब्द कुणी कौतुकानं वापरत नाही. 'अंगात चरबी आलीय' म्हटलं की माणूस माजलाय हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यातून 'डुकराची चरबी' हे दोन शब्द आपल्याला शाळेत भेटतात ते १८५७च्या काडतुसांबरोबर, आणि बहुतेकांच्या डोक्यात ते तिथेच राहतात. इटलीत मात्र बोलोन्यासारखं जुनं विद्यापीठाचं शहर 'विदुषी' या बिरुदाइतकंच 'ला ग्रासा', म्हणजे चरबीनं गुटगुटीत, हे बिरुदही मिरवतं. जिथे शतकानुशतकं हिवाळा काढायचा म्हणजे डुक्कर आणि डुक्कर म्हणजे त्याची पाठ असा हिशेब होता, तिथे चरबी ही शिवी होणं शक्यच नव्हतं. ती शिल्लक होती. घरात किती चरबी लटकते आहे यावर घराची ऐपत ठरायची.

या प्रकरणात आपण ज्या चरबीकडे बघणार आहोत तिचं नाव लार्दो. नावावरून पहिली फसगत होते. इंग्रजी पाककृतींतलं 'लार्ड' म्हणजे कढवून गाळून घेतलेली चरबी. आपण लोणी कढवून तूप करतो तसाच तो प्रकार, आणि इटालियनमध्ये त्याला म्हणतात स्त्रुत्तो. लार्दो कढवत नाहीत, शिजवत नाहीत, बहुतेक ठिकाणी धुरीही देत नाहीत. डुकराच्या पाठीवर कातडीखाली चरबीचा जो जाड थर असतो तो सबंध कापून काढायचा, मिठात आणि मसाल्यात पुरायचा आणि मुरू द्यायचा, एवढंच. पोटाकडचा, मांसाच्या पट्ट्यांचा भाग असाच मुरवला की पान्चेत्ता होतो. गालाचा भाग म्हणजे ग्वान्चाले, रोमच्या कार्बोनारा पास्त्यात पडतो तो. या दोन्हींत थोडंफार मांस असतं. लार्दोत ते जवळजवळ नसतं. असलीच तर एखादी गुलाबी रेघ. बाकी सगळं पांढरं.

आणि पांढऱ्याचं म्हणाल तर त्याचं गाव मुळातच पांढरं आहे. टस्कनीच्या वायव्य टोकाला कारारा शहर, त्याच्या पाठीशी आपुआन आल्प्सचे डोंगर. समुद्राकडून पाहिलं तर उन्हाळ्यातही माथ्यावर बर्फ साचल्यासारखा दिसतो. तो बर्फ नसतो, संगमरवराच्या खाणींचा राडारोडा असतो. रोमन लोकांनी इथे दगड काढायला सुरुवात केली. मायकलअँजेलोचा 'डेव्हिड' इथल्याच दगडाचा, आणि पोप दुसरे ज्युलियस यांच्या थडग्यासाठी दगड निवडायला तो १५०५ साली कित्येक महिने इथे येऊन राहिला होता. तो जाताना लार्दोही घेऊन जायचा अशी गोष्ट इथे सांगतात. ती गोष्ट म्हणूनच ऐकावी. काराराच्या वर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, खाणींच्या मधोमध एक चिमुकलं गाव डोंगराला चिकटून आहे. कोलोन्नाता. वस्ती जेमतेम काहीशे. चौकात खाणीत मेलेल्या कामगारांचं स्मारक आहे, अर्थातच संगमरवराचं. आणि तळघरांमध्ये आहेत संगमरवराच्या डोणी.

डोण हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. जनावरांना पाणी पाजायला विहिरीपाशी जी दगडी डोण असते, तिच्यासारखंच हे भांडं दिसतं. एका अखंड दगडातून कोरलेली, आतून गुळगुळीत घासलेली पेटी, वर झाकायला संगमरवराचीच फरशी. तिथे तिला कोंका म्हणतात. दगड कुठलाही चालत नाही. कोलोन्नाताच्याच खोऱ्यातल्या कानालोनी नावाच्या भागातला, बारीक दाण्याचा, घट्ट पोताचा दगड हवा.

डोण भरायचं काम पाहण्यासारखं असतं. आधी रिकाम्या डोणीच्या आतल्या भिंतींना लसणाच्या सोललेल्या पाकळ्या घासतात. दगडाला वास लागेपर्यंत. तळाला जाड्या समुद्रमिठाचा थर. चरबीचे तुकडे आदल्या एकदोन दिवसांतच कापलेले असतात, कारण नियमाप्रमाणे डुक्कर कापल्यापासून ७२ तासांच्या आत ते डोणीत गेले पाहिजेत. प्रत्येक तुकडा निदान तीन सेंटिमीटर जाड, खालच्या बाजूला कातडी तशीच. ते तुकडे मिठानं चोळून एकमेकांना खेटून लावतात. त्यावर भरडलेली काळी मिरी, रोझमेरीची ताजी पानं, ओबडधोबड चिरलेला लसूण. यापुढे मग ज्याचा त्याचा हात: कुणी दालचिनी घालतं, कुणी लवंग, जायफळ, धणे, चक्रीफूल, कुणी सेज. (या यादीतले निम्मे जिन्नस आपल्या गोड्या मसाल्याच्या डब्यातले आहेत; खाणकामगाराच्या तळघरात ते पोचले तेव्हा त्यांच्यामागे मलबार आणि मोलुक्काचा केवढा प्रवास होता, हा वेगळ्या प्रकरणाचा विषय.) पुन्हा चरबी, पुन्हा मीठ, पुन्हा मसाला, असं करत डोण काठोकाठ भरली की फरशी लोटायची. काही दिवसांनी मिठाला पाणी सुटतं. त्या पाण्याला सालामोरा म्हणतात. कैरीच्या लोणच्याला खार सुटला की आजी बरणी हलवून बघायची, तसं इथे फरशी सरकवून बघतात. तुकडे बुडाले नसतील तर मिठाचं पाणी वरून घालतात. मग किमान सहा महिने वाट बघायची. डोणी भरायच्या त्या फक्त सप्टेंबर ते मे या महिन्यांत. पंखे नाहीत, थंडी पाडणारी यंत्रं नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात भरलेल्या डोणीची खात्री देता येत नाही.

हे टिकतं कसं? मांस नासतं ते मुख्यतः जिवाणूंमुळे, आणि जिवाणूंना पाणी लागतं. पाठीच्या कच्च्या चरबीत पाणी शंभर ग्रॅमला जेमतेम आठ ग्रॅमच्या आसपास असतं. त्यातलंही मीठ ओढून घेतं. उरलेलं पाणी इतकं खारट होतं की रोग पसरवणाऱ्या बहुतेक जिवाणूंची तिथे डाळ शिजत नाही. म्हणजे नासण्याची भीती त्या मानानं कमी. चरबीचा खरा शत्रू वेगळा, आणि तो आपल्याही ओळखीचा आहे: खवटपणा. शेंगदाणे, खोबरं, जुनं तूप खवट होतं ते हवेतल्या ऑक्सिजननं स्निग्धाम्लांचे तुकडे पाडल्यामुळे. ही क्रिया उजेडात आणि उष्णतेत जोरात चालते. आता डोणीकडे पुन्हा बघा. दगडाच्या जाड भिंतींमुळे आत अंधार. फरशी आणि खारं पाणी यांच्यामुळे हवा बंद. तळघर आणि संगमरवर यांच्यामुळे गारवा. खवटपणाची तिन्ही दारं बंद! त्यावर आणखी एक कुलूप आहे, ते रोझमेरीचं. या झुडपाच्या पानांत कार्नोसिक आम्लासारखी द्रव्यं असतात, ती ऑक्सिजनच्या या उचापतीला अटकाव करतात. आज रोझमेरीचा अर्क ई-३९२ या क्रमांकानं अधिकृत अन्नरक्षक म्हणून पाकीटबंद पदार्थांत वापरला जातो. कोलोन्नातातल्या बायकांना हा क्रमांक माहीत नव्हता, पण कुठली पानं घातली की चरबीला वास येत नाही, हे पक्कं माहीत होतं.

संगमरवर 'श्वास घेतो' म्हणून लार्दो चांगला होतो, असं पर्यटकांना सांगितलं जातं. ऐकायला छान आहे. पण ज्या दगडातून सहा महिने पाणी पाझरत नाही, तो श्वास कितपत घेत असेल? त्याची करामत उलट आहे: तो गार राहतो, घट्ट असतो आणि मिठाशी भांडत नाही. मिठाशी, आम्लाशी नव्हे. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबाचा थेंब पडला तरी त्याची झिलई जाते. म्हणून लिंबाचं लोणचं या डोणीत घालता येणार नाही. गोव्याचं चोरीसही नाही. तेही डुकराचंच, त्यातही चरबीचे तुकडे हवेतच, आणि पावसाळ्याआधीच्या पुरुमेंताच्या साठवणीत त्याची माळ असतेच. पण गोव्याच्या दमट हवेत नुसत्या मिठावर भागत नाही. तिथे माडाच्या सुरेचा शिर्का, मिरची, ऊन आणि चुलीवरचा धूर लागतो. समुद्रमार्गे आलेल्या एकाच लॅटिन डुक्करपरंपरेनं हवामान बदलल्यावर दुसरी युक्ती काढली. कोलोन्नाताची युक्ती थंड डोंगराची आहे, कोकणपट्टीला ती लागू पडत नाही.

पण युक्ती कुणासाठी? काराराच्या खाणीत काम म्हणजे काय होतं हे कळल्याशिवाय लार्दो कळत नाही. वीस-पंचवीस टनांचे ठोकळे डोंगरावरून खाली आणायची पद्धत होती लिझ्झातुरा. ठोकळा लाकडी घसरगाडीवर बांधायचा, जाड दोरांनी वरून आवरून धरायचा, आणि खाली साबण फासलेले ओंडके टाकत टाकत तो उतारावरून इंच इंच सोडायचा. मागचा ओंडका मोकळा झाला की तो उचलून पुढे आणायचा. तो आणणारा माणूस ठोकळ्याच्या तोंडाशी उभा. दोर तुटला तर त्याला पळायला वेळ नसायचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चाललं. पहाटे अंधारात गावातून निघायचं, खाणीपर्यंत चढायचं, दिवसभर हे, आणि परत चालत यायचं. कारारा हे इटलीतल्या अराज्यवादी चळवळीचं माहेरघर झालं यात नवल नाही. १९१९ साली अल्बेर्तो मेस्की या संघटकाच्या नेतृत्वाखाली खाणकामगारांनी साडेसहा तासांचा दिवस मिळवला, आठ तासांसाठी जग भांडत होतं तेव्हा.

अशा माणसाच्या फडक्यात बांधलेलं असायचं: पाव, लार्दोचे काप, कांदा, मिळाला तर टोमॅटो, बाटलीत वाइन. आता हिशेब करू. अर्धा किलो पाव म्हणजे तेराशेच्या आसपास उष्मांक. शंभर ग्रॅम लार्दोचे आठशे ते नऊशे. इतक्याशा गाठोड्यात दोन हजारांहून जास्त, म्हणजे खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाला दिवसभर पुरेल इतकं इंधन. चूल नको, भांडं नको, उन्हात नासायची भीती नको. मांस एवढं स्वस्त नव्हतं, लोणी टिकत नव्हतं, आणि ऑलिव्हचं तेल डोंगरातल्या गरिबाला परवडत नव्हतं. त्यात टस्कनीचा नेहमीचा पाव अळणी असतो, पिठात मीठच घालत नाहीत. त्याच्यावर खारट चरबीचा काप ठेवला की दोघांचं जमतं. घाम गाळणाऱ्याला मीठही हवंच असतं.

लार्दो फक्त कोलोन्नाताचा नाही. फ्रान्सच्या सीमेवरच्या आओस्ता खोऱ्यात आर्नाद नावाचं गाव आहे. तिथे डोणी लाकडाच्या, चेस्टनट किंवा ओकच्या. त्यांना दोईल म्हणतात. तिथल्या गढीच्या १७६३च्या सामानयादीत चार दोईल नोंदलेले आहेत. हा लार्दो राईच्या काळ्या पावावर, मधात घोळवलेल्या चेस्टनटबरोबर खातात. मला वाचूनच तोंडाला पाणी सुटलं, पण ते बाजूला ठेवू.

स्वयंपाकघरात लार्दोचं खरं काम पाहुण्यासमोर मिरवायचं नव्हतं, फोडणीचं होतं. चरबीचा तुकडा लसूण आणि पार्सलीबरोबर फळीवर सुरीनं अगदी बारीक ठेचायचा, त्याला बात्तुतो म्हणतात, आणि तो भांड्याच्या तळाला वितळवून त्यात घेवडा, कोबी, जे असेल ते घालायचं. मोदेनात लार्दो, लसूण, रोझमेरी वाटून पांढरीशुभ्र चटणी करतात आणि तिजेल्ले नावाच्या छोट्या गरम चकत्या फोडून आत भरतात. तिलाही पेस्तो म्हणतात, पण हिरव्या पेस्तोशी तिचा संबंध नाही. कोरड्या, रेषाळ मांसात जाड सुईनं चरबीचे दोरे ओवायचीही रीत होती. आणि चर्चच्या पंचांगात दिवसांचे दोनच प्रकार: चरबीचे आणि कोरडे. कोरड्या दिवशी मांस नाही, प्राण्याची चरबीही नाही. मग त्याच भाजीला तेलाची फोडणी. चाळीस दिवसांचा उपास लागण्याआधीचा शेवटचा मंगळवार म्हणजे 'चरबीचा मंगळवार'. गटारी अमावास्या माहीत असलेल्यांना यातलं मर्म समजावून द्यायला नको.

आता पोषणाचं. पाठीच्या कच्च्या चरबीत शंभर ग्रॅममागे स्निग्ध पदार्थ ८९ ग्रॅमच्या आसपास, प्रथिनं तीनेक ग्रॅम. म्हणजे प्रथिनांसाठी लार्दो खाणं हे तहान लागली म्हणून ऊस चघळण्यापैकी. त्या ८९ ग्रॅमपैकी साधारण ३२ ग्रॅम संपृक्त, ४२ ग्रॅम एकअसंपृक्त आणि दहा ग्रॅम बहुअसंपृक्त. एकअसंपृक्तात मोठा वाटा ओलिक आम्लाचा, ऑलिव्ह तेलात असतं तेच. एवढ्या एका ओळीवर 'लार्दो हृदयाला चांगला' असं म्हणणारे पुष्कळ निघाले. तुलना करायचीच तर नीट करावी. तुपातला साठ टक्क्यांहून जास्त आणि खोबरेल तेलातला ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग संपृक्त असतो. त्यांच्यापुढे लार्दो सौम्य आहे. पण ऑलिव्ह तेलात संपृक्त भाग चौदा टक्क्यांच्या आसपास असतो, त्याच्यापुढे तो सौम्य नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, संपृक्त चरबीतून दिवसाच्या ऊर्जेचा दहावा भागही येऊ नये. दोन हजार उष्मांकांवर ते बावीस ग्रॅम होतात. मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम. कागदासारख्या दोन-तीन कापांचे दहा ग्रॅम भरले तर तीन ग्रॅमच्या थोडी वर संपृक्त चरबी आणि नव्वदच्या आत उष्मांक. तेवढ्यानं कुणाचं बिघडत नाही. खाणकामगाराची शंभर ग्रॅमची शिदोरी लिफ्टनं चढणाऱ्याच्या पोटात गेली तर मात्र एका जेवणातच दिवसाची मर्यादा ओलांडली जाते. शिवाय खारवलेलं, मुरवलेलं मांस याच संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनं २०१५ साली आतड्याच्या कर्करोगाचं कारण म्हणून पहिल्या गटात टाकलं आहे. लार्दोत मांस नावालाच असलं तरी त्याच्याबरोबर ताटात येणाऱ्या सलामीला ते पुरतं लागू आहे.

पदार्थ तोच राहिला, खाणारा बदलला. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत पैसा आला, तेव्हा लार्दो ही गरिबीची आठवण झाली. शहरात गेलेल्या मुलांना ती ताटात नको होती. डुकरंही सडपातळ पोसली जाऊ लागली. गंमत अशी की 'भूमध्य आहार' जगभर गाजवणाऱ्या अँसेल कीजच्या पाहणीतली काही गावं याच देशातली होती. पण त्या आहाराच्या चित्रात तेलाची बाटली आली, चरबीची डोण राहिली बाहेर.

मग चक्र फिरलं. १९९०च्या दशकाच्या अखेरीला आरोग्य खात्याची माणसं कोलोन्नाताच्या तळघरांत उतरली. भिंतींना टाइल्स नाहीत, भांडी दगडाची, निर्जंतुक करता न येणारी, नियमात बसेना. काही डोणींना टाळं लागलं. हा तंटा कार्लो पेत्रिनी यांच्या स्लो फूड चळवळीनं उचलला आणि छोट्या उत्पादकांची ढाल म्हणून लार्दोचं नाव देशभर पोचलं. ऑस्ट्रेलियन मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन लीच या गावात त्याआधी राहून गेल्या होत्या. या चरबीच्या राजकारणावर त्यांनी २००३ साली लिहिलेला लेख आजही वाचण्यासारखा आहे. युरोपीय संघाच्या नियमांत पारंपरिक पदार्थांच्या जागा आणि भांडी यांच्यासाठी सवलतीची सोय आहे, तिचा आधार अशा पदार्थांना मिळतो. पण गाजावाजा झाला तशी नक्कलही सुरू झाली. कुठल्याही कारखान्यातली खारवलेली चरबी 'कोलोन्नाता' म्हणून खपू लागली. २००४ साली युरोपीय संघानं भौगोलिक संरक्षण दिलं, तेव्हा उत्पादनाची हद्द त्या एका गावापुरती आखली गेली. न्यूयॉर्कच्या एका नावाजलेल्या रेस्टॉरंटात गिऱ्हाईक 'चरबी' ऐकून बिचकायचं, तर तिथे त्याला 'पांढरा प्रोशुत्तो' (प्रोशुत्तो म्हणजे डुकराची मुरवलेली मांडी) म्हणून हेच वाढायचे. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटाकडे, गावच्या संत बार्थोलोम्यूच्या सणाला, कोलोन्नाताच्या गल्ल्यांत त्याची जत्रा भरते.

डुकरं मात्र कोलोन्नाताची नसतात. नियमावलीप्रमाणे ती इटलीच्या दहा प्रांतांतून येऊ शकतात, पिडमाँटपासून मोलिसेपर्यंत. वय निदान नऊ महिने, वजन १६० किलोच्या आसपास, म्हणजे पाठीवर पुरेसा थर चढलेला असतो. एवढ्याशा डोंगरकड्यावर डुकरं पाळायला जागा आहेच कुठे? गावाचा म्हणून जो काही वाटा आहे तो दगडाचा, गारव्याचा आणि सहा महिन्यांचा.

सहा महिन्यांनी फरशी सरकवून काढलेला तुकडा राखाडी, मिठानं आणि काळपट पानांनी माखलेला असतो. मीठ सुरीच्या पाठीनं खरवडायचं. कातडीला हात लावायचा नाही, ती धरायला लागते. तुकडा गार असतानाच पलीकडचं बोट दिसेल इतका पातळ काप काढायचा आणि तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या पावाच्या फोडीवर ठेवायचा. काप दुधासारखा पांढरा दिसतो तो आत गोठलेल्या चरबीच्या स्फटिकांवरून उजेड विखुरतो म्हणून. पावाची ऊब लागली की स्फटिक वितळतात. कडेपासून काप काचेसारखा होत जातो, खालचा भाजलेला पाव दिसायला लागतो, आणि मधोमध तेवढा मिरीचा एक काळा दाणा उरतो.